चार इंच रुंद

घाटंजीच्या बाजारात मोबाइलवाल्या पोराकडून घेतली,
साडेसात हजारात, वापरलेली,
डाव्या पेडलला चीर, ब्रेकला रेडकाचा आवाज.
कापसाच्या काट्यावर तोलली : अठरा किलो.
आकडा लिहून घ्यायची सवयच आहे मला.
बावीस गावं, अकराशे मीटर,
फोटो काढायचा, पुढं निघायचं.
ठेकेदार मीटरमागं पैसे देतो,
पेट्रोलमागं देत नाही.

नलू उंबऱ्यातूनच म्हणाली,
"सायकल आणली का ट्रॅक्टरचं लेकरू?"
मग टायर अंगठ्यानं दाबून,
"खाते किती हे?"

वाटलं होतं, एवढा जाड टायर,
पांदणीतून लोण्यासारखा जाईल.
काळ्या मातीनं पहिल्याच आठवड्यात हिशेब सांगितला.
माती टायरला धरते, टायर मातीला,
दोघं मिळून फोर्कात असे रुततात
की चाक फिरायचं विसरतं.
अठराची अठ्ठावीस किलो झालेली
खांद्यावर घेऊन धुऱ्यानं निघालो,
दर वीस पावलांवर तुऱ्हाटीच्या काडीनं खरवडत.
निंदणाऱ्या बाया खुरपं थांबवून बघत होत्या.
"भाऊ, तुमी सायकलवर बसता
का सायकल तुमच्यावर?"

जानबा गेडाम म्हणाला, पह्यले मडगार्ड काढून फेक.
त्याच्याकडं पाने कमी, मतं जास्त.
दिवाळीला ब्रेक बदलले.
संक्रांतीला पेडल, लोखंडी.
मार्चमध्ये सीट, कारण मार्चमध्ये
थकबाकीची यादीही माझ्याच हाती देतात
आणि बसायला निदान एक जागा मऊ हवी.
बाभळीनं ट्यूबची चाळणी केली तेव्हा
नागपूरहून तो पांढरा चीक मागवून आत भरला.
नलूला किंमत अर्धी सांगितली.
तिनं दुप्पट करून ऐकली.

जुनं जानबा फेकू देत नाही.
ब्रेकची मूठ उकंडराव इंगोलेच्या फवारणी पंपावर गेली,
सीट रुक्माबाईच्या शिलाई मशीनसमोर, स्टुलावर खिळली.
मागचा टायर आडवा चिरून
कोंबड्यांना पाण्याची गोल पन्हाळ.
चिरलेलं पेडल ग्रामपंचायतीचं दार अडवून बसलंय,
कामाला लागलेलं तिथलं तेवढंच.
मीटर बघायला दारात जावं
तर माझीच सायकल भेटते, तुकड्या-तुकड्यानं.
तिचंही रीडिंग घेतो, मनात.

अडाणच्या पल्याडचा पोड राहिला होता.
नऊ घरं, नऊ मीटर.
मोटारसायकल रेतीत बसते,
फेऱ्यानं गेलं तर चौदा किलोमीटर,
म्हणून माझ्याआधीचे सगळे
अलीकडच्या काठावर बसून 'सरासरी' लिहायचे.
मीही दोनदा लिहिलं. ते खोडता येत नाही.

जानबाचं शेवटचं मत : हवा सोड.
"जिंदगीभर लोकायचे टायर टणक केले मी.
तुले सांगतो, हा बसका पायजे."
वीस पौंडांवरून सातावर आणली.
एप्रिलच्या कोरड्या पात्रात उतरलो,
आणि रेती कुरकुरली, पण तिनं धरलं नाही.
चाक पसरलं, म्हशीच्या खुरासारखं,
चार इंचाचे पाच झाले,
मी नदीच्या मधोमध कोणी नसताना घंटी वाजवली.

भीमबाई आत्रामच्या घरी एक बल्ब.
तोही कधीचा गेलेला.
मीटरवर आकडा कुठल्या तरी जुन्या उन्हाळ्याचा.
"मानूस पह्यल्यांदा आला," ती म्हणाली,
"बिल येत होतं."
फोटो दोनदा काढला, हात हलला म्हणून.

तेवढ्यात तिच्या नातवानं
माझे बसके टायर पाहून पंप आणला होता.
जीव काढून मारत होता दांडा,
कपाळावर घाम, दोन्ही चाकं टणक.
"हवा गेलती काका तुमची."

मी काही बोललो नाही. पाणी प्यालो.
उतार उतरून, वळणाआड,
पोड दिसेनासा झाला तेव्हा वाकलो
आणि व्हॉल्व्ह नखानं दाबून
त्याची हवा सोडली,
हळूहळू,
आवाज वर जाऊ नये अशी.